खालच्या वस्तीत कोणी राहत नाही

सतरा जानेवारी, मंगळवार. मृत तीन.

टेकडी आणि तिच्या पायथ्याची वस्ती यांच्यामध्ये एक दगडी संरक्षक भिंत होती. त्या सकाळी तिचा एक भाग वस्तीच्या बाजूला कोसळला. खुर्ची टाकून उन्हाला बसलेला एक वृद्ध जागीच गेला. विजेचा मीटर दुरुस्त करणारा वायरमन आणि दोरीवर कपडे वाळत घालणारी एक बाई यांना शेजाऱ्यांनी हातांनी दगड उपसून बाहेर काढले, तेव्हा दोघेही बोलत होते. रुग्णवाहिका टेकडीवरच्या बागेसमोर उभी होती. तिथून वस्तीचे पत्रे दिसतात. पण टेकडीवरून वस्तीत उतरायला पायऱ्या आहेत, रस्ता नाही. गाडीला सगळा वळसा घालून रेल्वेच्या पुलाखालून यावे लागते. ती पोहोचली तोवर दोघांचेही बोलणे थांबले होते.

रुग्णवाहिका वरच का उभी होती, या प्रश्नाला उत्तर होते, आणि ते कोणाच्या दुष्टपणात सापडण्यासारखे नव्हते. शहरातल्या रुग्णवाहिका कोणत्या वेळी कोठे उभ्या कराव्यात हे ठरवण्यासाठी महापालिकेने एका संशोधन संस्थेकडून अभ्यास करून घेतला होता. लोक समाजमाध्यमांवर फोटो टाकतात, चार ओळी लिहितात आणि त्याला एखाद्या ठिकाणाचे नाव जोडतात. अशा लाखो नोंदी गोळा करून, शहरातली माणसे सकाळी कोठे असतात, दुपारी कोठे जातात आणि संध्याकाळी कोठे परततात, याचा नकाशा संस्थेने तयार केला. जिथे माणसे, तिथे गाडी. तत्त्वात खोट काढायला जागा नव्हती. जुन्या जनगणनेचा आधार घेता आला असता, पण तिने वस्तीला टेकडीच्याच प्रभागात धरले होते. शिवाय माणूस झोपतो कोठे एवढेच ती सांगते, दुपारी तो कोठे असतो हे सांगत नाही. नव्या नकाशात टेकडी दिवसभर गजबजलेली दिसे. तिच्या पायथ्याशी, जिथे घराला घर खेटून हजारो माणसे राहतात, तिथे पांढरा डाग होता.

हा नकाशा ज्यांच्या हातांखालून तयार झाला, त्यांपैकी एकजण त्याच पांढऱ्या डागात राहत होती.

वस्तीत तिला नकाशाताई म्हणतात. हे नाव तिच्या आत्याने ठेवले. लहानपणी कोणी दारात येऊन रस्ता विचारला, की ही पोरगी काडी घेऊन मातीत रेघा ओढायला बसायची आणि विचारणारा कंटाळून निघून जायचा. पुढे तिने संध्याकाळच्या वर्गांतून भूगोलाची पदवी घेतली. भूगोलाच्या पदवीने पोट भरत नाही हे कळायला फार दिवस लागले नाहीत, म्हणून तिने पाणीपुरवठा खात्यात घरोघरच्या मीटरचे आकडे टिपायचे काम धरले. मीटर आपले आकडे आपणच कळवू लागले, तेव्हा तेही काम गेले. संस्थेत ती कंत्राटावर लागली तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती आणि तिच्या हाताखाली बसायला हवीत अशा वयाची मुले तिला काम शिकवत होती. तिने ते निमूटपणे शिकून घेतले.

संस्थेचे दालन फर्निचरच्या एका दुकानाच्या वर होते. खिडकी उघडली की समोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. एसी इतका थंड, की प्रत्येकाच्या खणात शाल. शहराची हालचाल अभ्यासणारी ही माणसे दिवसभर जागची हलत नसत. चहासाठी उठायचे झाले तरी ‘जाऊन येते’ असे सांगून उठत. ताईचे काम वर्गीकरणाचे होते. पडद्यावर एकेक नोंद येई आणि खाली चार बटणे असत: रहिवासी, येणारा-जाणारा, यंत्र, मोहीम. नोंद त्या ठिकाणच्या माणसाची आहे, की सहज तिथून गेलेल्याची, की एखाद्या संगणकाने आपोआप टाकलेली, की कोणी ठरवून अनेकांकरवी टाकून घेतलेली, हे बघून बटण दाबायचे. प्रत्येक नोंद दोघांकडे स्वतंत्रपणे जाई. दोघांचे पटले नाही, तर ती अभ्यासाच्या प्रमुख बाईंकडे जाई. यंत्राच्या आणि मोहिमेच्या नोंदी मोजणीतून गाळल्या जात.

मोहिमेचे बटण नंतर आले. एका मॉलने शेकडो लोकांना सवलतीची कूपने देऊन आपले नाव लिहायला लावले होते आणि त्या आकड्यांवर विसंबून एक बसथांबा शाळेसमोरून उचलून मॉलसमोर नेण्याचे ठरत आले होते. ते वेळीच लक्षात आले आणि नियम झाला: ठरवून टाकलेली नोंद हा माणूस तिथे असल्याचा पुरावा मानू नये. हा नियम ताईला मनापासून पटला होता. नव्याने आलेल्यांना तो समजावून सांगायचे काम तिच्याकडेच होते.

भिंत पडल्यानंतरच्या आठवड्यात तिने कार्यालयातला नकाशा पुन्हा उघडला आणि पांढऱ्या डागावर बराच वेळ थांबली. डाग तिने पूर्वीही पाहिला होता. त्याचे कारणही तिला ठाऊक होते. कारण आणि डाग यांची गाठ मात्र तिने कधी घातली नव्हती.

वस्तीत राहणारे कोणीही वस्तीचे नाव लिहीत नाही. समाजमाध्यमांवरच्या ठिकाणांच्या यादीत ‘खालची वस्ती’ हे नाव आहे, तरी बोट त्यावर थांबत नाही; ते एक ओळ वर सरकते आणि ‘टेकडी’ निवडते. नोकरीच्या मुलाखतीत खालचे नाव सांगितले, की समोरच्याचे पेन थांबते. सोयरीक जुळत आली असताना पाहुण्यांना पत्ता कळला, की पत्रिका जुळेनाशी होते. वस्तीतल्या न्हाव्याच्या दुकानावर ‘टेकडी हेअर स्टुडिओ’ अशी पाटी आहे. ती लागली त्या दिवशी आत्या म्हणाली होती, “नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.” पण आत्यानेसुद्धा आपल्या वाढदिवसाचा फोटो टाकताना टेकडीच निवडली होती. ताईनेही तेच केले होते. त्यात खोटेपणा आहे असे तिला कधी वाटले नाही. पाहुणे आले की मोडकी खुर्ची भिंतीकडे सरकवावी, तशी ती सवय होती.

ती प्रमुख बाईंकडे गेली. बाई विद्वान होत्या आणि विद्वत्तेचा बडेजाव न मिरवणाऱ्या होत्या. त्यांनी तिला बसायला सांगितले.

“मॅडम, खाली माणसं राहतात.”

“मला माहीत आहे. मी पुलावरून रोज बघते.”

“मग नकाशात का नाहीत?”

“कारण नोंदींमध्ये नाहीत.”

“पण तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. मग आपण भरून टाकू ना तेवढं.”

“आज मी माझ्या माहितीवर एक जागा भरली, की उद्या नगरसेवक त्यांच्या माहितीवर दुसरी भरतील,” बाई म्हणाल्या. “त्यांनाही बरंच काही माहीत असतं.”

मग बाईच म्हणाल्या, “मार्च आणि एप्रिलमध्ये दुसरी मोजणी आहे. त्यावर गाड्यांच्या जागा पुन्हा ठरतील. लोकांनी खरं ठिकाण लिहिलं, तर ते दिसेल. यापलीकडे मी काही बोलू शकत नाही. आणि हेही मी बोलले नाही असं समजा.”

महापालिकेतही ती अर्ज घेऊन गेली होती. तिथल्या अधिकाऱ्याने संस्थेचा अहवाल काढून तिच्याचपुढे ठेवला. “शास्त्रीय अभ्यास आहे हो,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला, “तुम्ही वाचून तर बघा.”

तेव्हा राहिला एकच मार्ग. दोन महिने वस्तीने आपले नाव लिहायचे. एवढे झाले तर गाडी खाली येणार होती. मागणे इतके लहान होते, की ते नाकारले जाईल हे ताईच्या ध्यानीमनीही नव्हते.

रविवारी सकाळी ती न्हाव्याच्या दुकानात गेली, कारण वस्तीतली प्रत्येक गोष्ट तिथे आधी कळते आणि मग घडते. खुर्चीत टॅक्सीवाला बसला होता, गळ्यापर्यंत कापड, गालांना फेस. बाकावर आणखी चौघे. तिने सगळे समजावून सांगितले.

“ताई,” टॅक्सीवाला आरशातूनच म्हणाला, “मी खालचं नाव टाकलं ना, तर गिऱ्हाईक गाडीत बसायच्या आधीच उतरतं.”

“बसायच्या आधी उतरेल कसं रे?” बाकावरून कोणीतरी विचारले.

“तेच तर सांगतोय! इतकं घाबरतं.”

सगळे हसले. ताईही हसली, आणि तिथेच तिची बाजू पडली. हसण्यावारी गेलेले मागणे पुन्हा गंभीरपणे मांडता येत नाही.

“दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे,” ती म्हणाली.

“दोन महिने उपाशी राहा म्हणता की.”

“गाडी खाली उभी राहिली असती, तर ती दोघं...”

“कळतंय हो ताई,” टॅक्सीवाल्याचा आवाज खाली आला. “कळत नाही असं नाही. पण पहिला मी का? आधी दहाजणांनी लिहू द्या, मग अकरावा मी.”

बाकावरच्या चौघांनीही अकरावा व्हायची तयारी दाखवली. पहिले दहा कोण, ते कोणी सांगितले नाही. या सगळ्या वेळात न्हावी एक शब्दही बोलला नाही. वस्ताऱ्याचे पाते कापडाला पुसत उभा राहिला. न्हाव्याने न बोलणे ही वस्तीत बातमी होती, पण त्या दिवशी ती कोणी वाचली नाही.

घरीही तीच भिंत होती. ताई, तिची धाकटी बहीण आणि आत्या अशा तिघी दोन खोल्यांत राहत. बहीण केक करून विकत असे. पुढच्या खोलीत ओव्हन, मागच्या खोलीत साखरेची पोती, आणि झोपायच्या वेळी पोती सरकवून अंथरुणे. कंत्राटी पगार कधी यायचा, कधी लांबायचा. घर केकवर चालत होते. समाजमाध्यमावरच्या केकच्या पानावर फुलांच्या नक्षीमागे ठिकाण होते: टेकडी.

“तुझ्या पानापासून सुरुवात करू,” ताई म्हणाली. “तुला शेकड्यांनी माणसं बघतात.”

बहीण केकवर क्रीमची फुले काढत होती. तिने हात थांबवला नाही. “ताई, लोक केक खायच्या आधी पत्ता खातात. पत्ता गोड लागला, तरच पुढचा घास.”

“चव तीच राहणार ना?”

“तू बसतेस मशीनसमोर. गिऱ्हाईक विचारतं, तुमचं किचन कुठे आहे. मी टेकडी म्हटलं की म्हणतं, वा! खालची वस्ती म्हटलं, की म्हणतं, बघते, कळवते. आणि कळवत नाही.”

“तुझे डबे घेऊन जी बाई रोज पायऱ्या चढायची, ती मेली, बाळ.”

आता मात्र हात थांबला. कपडे वाळत घालताना जी गेली, ती हीच. बहिणीने क्रीमची पिशवी खाली ठेवली.

“तिचं नाव काढू नकोस. तिची मुलगी सकाळ-संध्याकाळ कुठे जेवते? माझ्याकडे. ऑर्डरी थांबल्या तर तिनं काय खायचं, तुझा नकाशा?”

“मी तुझ्या वाईटावर आहे का?”

“तू वाईटावर नाहीस, तू बरोबर आहेस. तोच तर वैताग आहे! तू नेहमी बरोबर असतेस आणि किंमत नेहमी दुसरं कोणीतरी मोजतं.”

“दोघी गप्प बसा,” आत्या कोपऱ्यातून म्हणाली. “ओव्हन बोलतोय.” ओव्हन खरोखरच टिंग टिंग करत होता.

मार्च असाच गेला. दिवसभर शहरातल्या इतर सगळ्या भागांची नावे ताईच्या पडद्यावरून सरकत आणि ती बटणे दाबत राही. खालच्या वस्तीचे नाव क्वचित दिसे. कॉलेजच्या पोरांनी चेष्टेने तुंबलेल्या गटाराचा फोटो टाकला, ‘खालची वस्ती, समुद्रकिनारा’. ती नोंदही तिने आनंदाने ‘रहिवासी’ म्हणून घेतली. एका नवख्या भाडेकरूने अजाणता खरे ठिकाण लिहिले. दोन दिवसांत त्याला कोणीतरी शहाणे केले आणि त्याने ते बदलले. ती संध्याकाळी घरोघर जाई. लोक पाणी देत, बसायला देत, होकारही देत. होकार देणे वस्तीत पाणी देण्याइतकेच सोपे होते. परत येताना तिच्या मनात असे येई, की ज्या वस्तीवर अन्याय झाला ती वस्ती आणि ज्या संस्थेने तो केला ती संस्था यांचे एका बाबतीत पूर्ण एकमत आहे: खाली कोणी राहत नाही.

एप्रिलच्या मध्यावर, एका दुपारी, दुकान बंद ठेवून न्हावी तिच्या घरी आला. रविवार होता. तो उंबऱ्यावरच बसला. आत ये म्हटले तरी आला नाही.

“ताई, भिंत पडली त्या दिवशी रुग्णवाहिकेला फोन मी केला होता.”

“माहीत आहे, काका. सगळ्यांना माहीत आहे.”

“काय बोललो ते माहीत नाही कुणाला. पत्ता विचारला फोनवरच्या बाईंनी. मी म्हणालो, टेकडी रस्ता. दिवसातून दहा वेळा तेच सांगतो ना गिऱ्हाइकांना, तोंडात तेच बसलंय. गाडी आधी वर शोधत फिरली. मग माझ्या लक्षात आलं, मी पुन्हा फोन लावला.”

बहीण ओव्हनपाशी पाठमोरी उभी होती.

“मला विचारलं असतं, तर मीही तेच म्हणाले असते,” ताई अखेर म्हणाली. हे तिने त्याची समजूत घालायला म्हटले, पण म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आले, की ते शब्दशः खरे आहे.

“मी करतो सगळ्यांना तयार,” न्हावी म्हणाला. “माझं ऐकतील. वस्ताऱ्याखाली मान असते, ऐकतातच.”

तिने त्याला पुन्हा पुन्हा बजावले: प्रत्येकाने आपापल्या शब्दांत लिहायचे, आपल्याला वाटेल तेव्हा लिहायचे, चहा पिताना चहाचे, पोराच्या परीक्षेचे, काहीही, फक्त ठिकाण खरे. न्हाव्याने मान डोलावली. त्याला ते समजले होते. पण एवढ्या मोठ्या गोष्टीसाठी एवढे किरकोळ काही पुरेल, हे त्याला पटले नाही. लोकांना आपापल्या शब्दांवर सोडले तर ते काहीच लिहीत नाहीत, हे तो तीन महिने पाहत होता. त्याने विचार करून, खाडाखोड करून, मजकूर स्वतः तयार केला आणि वस्तीच्या ग्रुपवर पाठवला. जन्मभर लोकांच्या डोक्यांवर एकाच मापाची कात्री चालवलेल्या माणसाने मजकुरालाही तेच केले. खाली सूचना होती: ‘सर्वांनी आज संध्याकाळी टाकावे. एकही शब्द बदलू नये.’

वस्तीने ऐकले. कोणालाच पहिला व्हावे लागले नाही, म्हणून ऐकले. ताई त्या ग्रुपवर नव्हती. मार्चमध्ये तिने रोज आठवण करून दिल्यावर तिला कोणीतरी हळूच काढून टाकले होते.

सोमवारी तिने पडदा उघडला आणि पहिलीच नोंद समोर आली: ‘आम्ही खालच्या वस्तीत राहतो. आम्ही माणसे आहोत. आम्हाला मोजा.’ ठिकाण: खालची वस्ती. तिला क्षणभर आनंदच झाला. मग दुसरी नोंद आली. तिसरी आली. शब्द तेच, पूर्णविरामसुद्धा त्याच जागी.

शेजारच्या टेबलावर, जो प्रत्येक नोंद तिच्या जोडीने तपासत असे, तो चष्मेवाला तरुण एका हातात सँडविच धरून दुसऱ्या हाताने बटण दाबत होता. “ताई, आज पेपर फुटलाय,” तो खुशीत म्हणाला. “सगळ्यांची उत्तरं सारखी. मोहीम, मोहीम, मोहीम. न वाचता पास.”

“वाच,” ताई म्हणाली.

“काय वाचायचंय? एक वाचलं की सगळी वाचली.”

ती मात्र प्रत्येक नोंद वाचत होती, कारण मजकूर तोच असला तरी माणूस निराळा होता. टॅक्सीवाल्याने पुलाखाली उभ्या केलेल्या गाडीचा फोटो जोडला होता. अकरावा असेल की नाही कोण जाणे, पण तो आला होता. वायरमनच्या बायकोने काहीच जोडले नव्हते. आत्याने तर मजकूर दोनदा टाकला होता. ठरवून टाकलेली नोंद पुरावा मानू नये, हे वाक्य तिने स्वतः कितीजणांना शिकवले होते. नियमाप्रमाणे चौथे बटण बरोबर होते. सत्याप्रमाणे पहिले. तिने प्रत्येक नोंदीला पहिले बटण दाबले.

दोघांचे इतके मतभेद एका दिवसात आजवर झाले नव्हते. संध्याकाळी प्रमुख बाईंनी तिला बोलावले.

“तुम्ही या लोकांना ओळखता?”

“हो.”

“राहतात तिथे?”

“सगळे. त्यांच्या पाण्याच्या मीटरचे आकडे मी घेतलेत.”

“हे ठरवून झालं का?”

इथे ‘नाही’ म्हणता आले असते. बाईंनी प्रश्न ज्या आवाजात विचारला, त्यात तेवढी फट होती, असे ताईला पुढे अनेकदा वाटले. पण तीन महिने ती दारोदार एकच गोष्ट सांगत फिरली होती, की अडचण झाली तरी खरे ते लिहा.

“ठरवून झालं,” ती म्हणाली. “पण खोटं नाही.”

“मला कळतंय.”

“मग ठेवा ना मॅडम. बटणं चारच आहेत, ही चूक त्यांची आहे का? ‘ठरवून सांगितलेलं खरं’ असं पाचवं बटण हवं.”

“ते बटण केलं,” बाई म्हणाल्या, “तर सगळ्यात आधी ते मॉलवाला मागेल.”

बाई हसल्या नाहीत. ताईला त्यांचा राग आला, आणि रागाला बसायला जागा सापडेना, कारण याच जागेवरून याच शब्दांत तिनेही उत्तर दिले असते. नोंदी गाळल्या गेल्या. तिचे हितसंबंध गुंतलेले असल्याचे नोंदवून टेकडीचा आणि वस्तीचा विभाग तिच्याकडून काढून दुसऱ्याला देण्यात आला. तिला बंदराचा भाग मिळाला.

न्हाव्याला हे सांगणे तिच्या आयुष्यातले सर्वांत कठीण सांगणे होते.

“म्हणजे खरं बोललो म्हणून गाळलं?”

“नाही काका. एका आवाजात बोललात म्हणून.”

“मोर्च्यात काय वेगवेगळ्या आवाजात ओरडतात?” तो भडकून म्हणाला. “आपापल्या शब्दांत, सवडीनं?” मग खाली मान घालून म्हणाला, “तुम्ही सांगितलं होतं. मीच शहाणपणा केला.”

“तुम्ही केलं म्हणून त्यांनी लिहिलं तरी,” ती म्हणाली. दोघांनाही त्यात समाधान वाटले नाही.

एकदा लिहून झाल्यावर आपले काम झाले असे वस्तीने धरले आणि मंगळवारपासून सगळे पुन्हा टेकडीवर राहायला गेले.

बहिणीने मात्र न्हाव्याचा मजकूर टाकलाच नव्हता. एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यात, कोणाला न विचारता, तिने आपल्या पानावर लिहिले: ‘केक खालच्या वस्तीत मिळतील. पायऱ्या उतरून डावीकडे वळा, व्हॅनिलाचा वास येईल तिथे थांबा. वर आणून देणारी बाई आता नाही.’ ठिकाणही बदलले. ताईला ते शेजारणीकडून कळले. तिने विचारले तेव्हा बहीण म्हणाली, “तुझ्यासाठी नाही केलं. तिची मुलगी विचारत होती, आई गेली त्या जागेला काय म्हणतात, आपण कुठे राहतो. काय सांगू? टेकडीवर?”

ऑर्डरी पहिल्याच आठवड्यात निम्म्यावर आल्या. वरच्या दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांनी ‘बघते, कळवते’ म्हणून कळवले नाही.

जूनमध्ये दुसऱ्या मोजणीचा अहवाल आला. ताईने तो घरी आणून जेवणाच्या आधीच उघडला. वस्ती पांढरीच होती. खाली बारीक अक्षरांत टीप होती: एखाद्या ठिकाणाचे नाव लिहिणाऱ्या खात्यांची संख्या ठराविक किमान संख्येहून कमी भरल्यास, त्या व्यक्तींच्या खाजगीपणाच्या रक्षणार्थ ते ठिकाण नकाशात दाखवलेले नाही. मोहिमेच्या नोंदी वजा जाता वस्तीच्या नावाने उरलेली खाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांत एक केकचे.

“म्हणजे मी आहे त्यात,” बहीण म्हणाली.

“आहेस. पण दाखवलेली नाहीस.”

“का?”

“तुला कोणी ओळखू नये म्हणून.”

बहिणीने तिच्याकडे पाहिले. “मी तर नावानिशी, डावीकडे-उजवीकडे सांगून लिहिलं होतं, ताई. ओळखावं म्हणूनच लिहिलं होतं.”

कॉम्प्युटरवर ताईने तो नियम वाचला होता, त्याचे कारण तिला ठाऊक होते आणि ते कारणही योग्यच होते. एकूण प्रकरणात अयोग्य असे एकही कारण तिला सापडले नव्हते. आत्याने ताटे मांडली आणि अहवाल उचलून साखरेच्या पोत्यावर ठेवला.

ताई अजून संस्थेत आहे. तिचे कंत्राट वाढवण्यात आले. तिच्या प्रामाणिकपणाची बाईंनी लेखी शिफारस केली होती. पुढची मोजणी दोन वर्षांनी आहे. बहिणीने पानावरचे ठिकाण परत बदललेले नाही. भिंत नव्याने बांधून झाली आहे. रुग्णवाहिका टेकडीवरच्या बागेसमोर उभी असते. खालच्या वस्तीला रुग्णवाहिका अद्याप मिळालेली नाही.